शेततळ्यात बोंबील? आगाऊ पैसे भरण्याआधी हे वाचा



एक व्हिडिओ सध्या फोनवर फिरतोय. शेततळ्यात समुद्री मासा पाळा, बीज घरपोच देतो, निम्मी रक्कम आधी भरा. दोघा-तिघांनी विचारलं, बोंबील जमेल का? सुका बोंबील आपल्या आठवडी बाजारात हातोहात खपतो, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण उत्तर नाही असंच आहे.

बोंबील हा किनाऱ्याजवळच्या उथळ, गाळाच्या समुद्रातला मासा. सौराष्ट्र, पालघर, वसई, मुंबई या पट्ट्यात भरपूर. रत्नागिरीच्या खाली कमी होत जातो आणि मग एकदम बंगालच्या किनाऱ्याला पुन्हा सापडतो. म्हणजे समुद्रातसुद्धा त्याला सगळीकडचं पाणी मानवत नाही!

समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपलं बोअरचं पाणी कितीही मचूळ लागलं तरी त्याच्या जवळपासही जात नाही. मीठ टाकायचा विचारसुद्धा करू नका, तळ्याचा कागद फाटला तर खालची जमीन खराब होईल. शिवाय त्याला भरती-ओहोटीचं वाहतं पाणी लागतं. कोळी बांधव बोंबलामागे होडी पळवत नाहीत. समुद्रात खुंट रोवून डोल जाळं बांधतात, पाण्याचा ओढच मासा जाळ्यात आणून घालतो.

खाणंही वेगळं. तोंड मोठं, दात आत वळलेले. जवळा, लहान मासे आणि वेळ पडली तर स्वतःच्याच जातीची पिल्लं खातो. पेंड-कोंड्यावर जगणारा हा मासा नव्हे. बोंबलाचं बीज तयार करून विकणारी हॅचरी आपल्याकडे नाही. मग घरपोच येणार ते काय, हे पैसे भरण्याआधी विचारा.

शेततळ्यासाठी रोहू, कटला, मृगळ हेच बरे. पाऊस पडून तळं भरलं की बोटुकली सोडा. पिशवी आधी १५-२० मिनिटं तळ्यात तरंगत ठेवा, मग तळ्यातलं थोडं थोडं पाणी पिशवीत घाला आणि मासे आपोआप बाहेर जाऊ द्या. बीज कुठून घ्यायचं हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

आता खाण्यापुरतं. ओल्या बोंबलाच्या १० किलोत साडेआठ-नऊ किलो पाणीच असतं. म्हणून कोळणी दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर उन्हात टांगतात, बहुधा मीठ न लावता. मीठ नाही म्हणून ओल धरली की लगेच बुरशी येते. आपलं सोयाबीन ओलं साठवलं तर जे होतं तेच. १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते, तेव्हा पावसाळ्याचा साठा मे महिन्यातच घ्या. कडकडीत मोडणारा, बारीक किडा नसलेला बघा. घरी एक ऊन देऊन, पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

ज्यांनी आगाऊ रक्कम भरली असेल त्यांनी पावती आणि तो नंबर घेऊन कंपनीच्या कार्यालयात यावं. लाजू नका.