समुद्रातील मत्स्यशेती आणि खलाशाचे काम

बंगळूर शहराच्या उत्तर भागात हेब्बाळचा तलाव आहे. हेब्बाळ येथेच मत्स्यसंशोधन व माहिती केंद्रही आहे. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असल्यामुळे येथील मत्स्यशेतीचा विचार गोड्या पाण्याचा असतो. तळ्यात मासे पाळणाऱ्यास एक मोठा आधार असतो, तो म्हणजे बांध. बांध पाणी अडवितो आणि माशांनाही आवरून धरतो.

समुद्राला असा बांध कोठून असणार? तो दोर आणि जाळे यांचा करावा लागतो. कर्नाटकाच्याच किनाऱ्यावर, कारवार येथे, केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या केंद्राने जिताडा, कोबिया इत्यादी मासे समुद्रातील पिंजऱ्यांत वाढविले आहेत. या संस्थेची स्थापना १९४७ साली झाली. अशा शेतीत हा बांध रोज राखण्याचे काम खलाशाकडे असते.

पिंजऱ्याची रचना साधी आहे. पाण्यावर तरंगणारे वर्तुळाकार कडे असते. त्याचा व्यास बहुधा ६ मीटर असतो. त्यास आतून माशांचे जाळे व बाहेरून संरक्षक जाळे टांगतात. तळाशी वजनदार कडे असल्यामुळे प्रवाहातही जाळे पसरलेले राहते. पक्ष्यांपासून रक्षण व्हावे म्हणून वरही जाळे घालतात. हा सारा डोलारा दोर, साखळी व नांगर यांच्या बळावर एका जागी स्थिर राहतो.

खलाशी होडीने पिंजऱ्याजवळ जातो, खाद्य घालतो व मासे ते कसे खातात हे लक्षपूर्वक पाहतो. माशांनी खाद्याकडे पाठ फिरविली, तर काही बिघडले आहे असे समजावे. मेलेले मासे तो त्वरित काढतो. जिताड्याची मोठी पिले लहानांना गिळतात. म्हणून आकारानुसार त्यांची वेगवेगळी प्रतवारी करावी लागते.

परंतु सर्वांत चिकाटीचे काम जाळ्याचे असते. शेवाळ, बार्नेकल आणि शिंपले जाळ्यावर वाढू लागतात. त्याचा परिणाम गणिताने समजेल. जाळ्याचा एक चौरस डोळा २० मिलिमीटर बाजूचा आहे असे माना. त्याचे क्षेत्रफळ ४०० चौरस मिलिमीटर होते. चारही बाजूंनी केवळ ३ मिलिमीटर थर चढला, तर बाजू १४ मिलिमीटर उरते आणि क्षेत्रफळ १९६ होते, म्हणजे निम्म्याहूनही कमी! ताजे पाणी आत येईनासे होते, प्राणवायू कमी पडतो आणि महिनोन्‌महिने वाढविलेले मासे गुदमरून मरू शकतात. शिवाय जड झालेले जाळे प्रवाहाचा अधिक जोर घेते व नांगराच्या दोरांवर ताण वाढतो. म्हणून जाळी वेळोवेळी बदलून, उन्हात वाळवून स्वच्छ करतात.

हे काम धोक्याचेही आहे. ताणलेला दोर तुटल्यास चाबकासारखा उसळतो. दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवू नये, दोर हाताभोवती गुंडाळू नये, तरंगजाकीट घातल्याशिवाय आणि एकट्याने कामास जाऊ नये, हे नियम खलाशाने कधीही मोडू नयेत.

तळ्याचा बांध एकदा घातला की वर्षानुवर्षे टिकतो. समुद्रातील हा बांध मात्र रोज तपासावा लागतो. एक गाठ सैल राहिली अथवा एक फाटलेला डोळा नजरेतून सुटला, तर सारे पीक समुद्रास परत मिळते.