एक लहानसे टिंब

मुलांनो, रमजानचा महिना आहे असे समजा. इफ्तारसाठी अम्मीने २.५ लीटर सरबत केले आहे. घरी पाहुणे आले आहेत. एका पेल्यात २५० मिलिलीटर सरबत मावते. मग किती पेले भरतील?

त्यासाठी दोन्ही मापे एकाच एककात हवीत. १ लीटर म्हणजे १००० मिलिलीटर. १००० मध्ये तीन शून्ये आहेत. म्हणून लीटरचे मिलिलीटर करताना दशांशचिन्ह तीन घरे उजवीकडे सरकवा. घरे कमी पडली, तर शून्ये लिहा. २.५ लीटर म्हणजे २५०० मिलिलीटर. आता २५० ने भागा. दहा पेले भरतील.

मिलिलीटरचे लीटर करताना चिन्ह तीन घरे डावीकडे न्या. ७५० मिलिलीटर म्हणजे ०.७५ लीटर आणि ४० मिलिलीटर म्हणजे ०.०४ लीटर.

तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता, मराठी डावीकडून उजवीकडे. आकडे मात्र दोन्ही भाषांत डावीकडून उजवीकडेच लिहितात. म्हणून हा नियम दोन्हीकडे एकच आहे.

दिशा चुकली तर कसे ओळखाल? एक बादली पेल्याने भरा, मग चमच्याने भरा. चमचे जास्त लागतात ना? माप लहान, तर आकडा मोठा. हे लक्षात ठेवा.

या टिंबाला एवढे महत्त्व का? समजा, तुमच्या तान्ह्या भावाला ताप आला आहे. डॉक्टरांनी २.५ मिलिलीटर औषध लिहून दिले. घाईत टिंब दिसले नाही, तर ते २५ होईल. म्हणजे दहापट औषध! त्याने बाळाच्या जिवाला धोका होऊ शकतो. म्हणूनच .५ असे न लिहिता ०.५ असे लिहावे. आधी शून्य दिसले, की पुढचे टिंब नजरेतून सुटत नाही. घरात औषध मोजताना मोठ्यांना चिठ्ठी नीट वाचून दाखवा. एक लहानसे टिंबही मोठे काम करते.

शब्दार्थ
एकक – मोजण्याचे ठरलेले माप
मावणे – आत राहू शकणे
तान्हा – अगदी लहान, दूधपिता
दहापट – दहाने गुणल्यावर होते तेवढे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लीटरचे मिलिलीटर करताना दशांशचिन्ह कोणत्या दिशेला सरकते?
(आ) ०.५ मधील पहिले शून्य का लिहावे?
२. रिकाम्या जागा भरा.
(अ) १.२५ लीटर = ...... मिलिलीटर
(आ) ६० मिलिलीटर = ...... लीटर
३. घरातील तीन बाटल्यांवरील मापे वाचा. ती लीटरमध्ये लिहा.