चायना झांज उलटी का बसवतात?

लालबाग-परळच्या रस्त्यावरून गणपतीच्या आगमनाची मिरवणूक निघाली, की बहुधा तिच्याबरोबर बेंजो पार्टीची गाडीही असते. गाडीवर बेंजो, की-बोर्ड, ढोलकी आणि अनेकदा ड्रमसेट मांडलेला असतो. ड्रमसेटवरच्या झांजांकडे नीट पाहिले, तर त्यांतील एखादी इतरांहून वेगळी दिसते. बाकीच्या झांजा उपड्या बशीसारख्या असतात. ही मात्र उताणी असते आणि तिची कड खाली वळलेली असते. घाईगर्दीत वादकाने ती उलटी अडकवली असावी, असे पाहणाऱ्याला वाटते. वास्तविक ती जाणूनबुजून तशी बसवलेली असते. वादक तिला ‘चायना’ म्हणतात.

नाव सार्थ आहे. बाहेरची कड उलट वळवलेल्या झांजा मूळच्या चीनमधल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील ड्रमवादकांनी तेथील चिनी वस्त्यांमधून ही वाद्ये घेतली आणि आपल्या ड्रमसेटात बसवली. मुंबईत जाझ संगीत रुजले ते मुख्यतः १९३०च्या दशकात. १९३५ साली लेऑन ॲबी यांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजत होता. पुढे गोमंतकीय वादकांनी हे संगीत चित्रपटांत आणले. सी. रामचंद्र यांचे संगीत असलेल्या भगवानदादांच्या ‘अलबेला’ (१९५१) मध्ये चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतात. ड्रमसेटाची ही वाटचाल हॉटेलातून स्टुडिओत आणि शेवटी मिरवणुकीच्या गाडीपर्यंत झाली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्यासाठी प्रथम आपल्या ओळखीची झांज घ्या. झांज वाजवणारा ती कडेला कधी धरत नाही. मधल्या फुगीर भागातील भोकातून ओवलेली दोरी तो मुठीत धरतो. याचे कारण घरी समजून घेता येईल. पातेल्याचे गोल झाकण त्याच्या मधल्या मुठीने उचला आणि कडेवर चमच्याने टिचकी मारा. झाकण घणघणते. लगेच कडेला बोट लावा. नाद तत्काळ थांबतो. मूठ मात्र कितीही घट्ट धरली, तरी नाद चालू राहतो. झाकण कंप पावताना कड सर्वांत जास्त हलते, तर मध्यबिंदू जवळजवळ स्थिर असतो. अशा स्थिर जागांना निस्पंद म्हणतात.

निस्पंद डोळ्यांनी पाहायचे असतील, तर शाळेच्या प्रयोगशाळेत एक सपाट पितळी पत्रा मध्यभागी स्क्रूने आडवा बसवा. त्यावर थोडी रांगोळी भुरभुरा आणि व्हायोलिनचा गज कडेवरून उभा ओढा. हलणाऱ्या जागांवरची रांगोळी उडून निस्पंद रेषांवर गोळा होते आणि सुंदर आकृती उमटते. जर्मन शास्त्रज्ञ क्लाड्नी यांनी १७८७ साली अशा आकृत्या वाळूच्या साहाय्याने प्रसिद्ध केल्या होत्या. गज ओढण्याची जागा बदलली, किंवा कडेला वेगळ्या ठिकाणी बोट टेकवले, की आकृती बदलते. म्हणजेच एकच पत्रा अनेक रीतींनी कंप पावू शकतो. प्रत्येक रीतीची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाची कंपनसंख्या, वेगळी असते.

सतारीच्या तारेच्या कंप्रता १, २, ३, ४ अशा पटींत असतात, म्हणून तिचा स्वर ओळखता येतो. पत्र्याच्या कंप्रतांमध्ये असे सोपे प्रमाण नसते. त्यामुळे झांजेतून अमुक एक स्वर निघतो, असे सांगता येत नाही. त्यात आणखी एक गंमत घडते. काडी जोरात बसली, की पत्र्याच्या जाडीच्या मानाने कंपनाचा आयाम मोठा होतो. मग निरनिराळ्या रीती एकमेकींपासून अलिप्त राहत नाहीत. एकीची ऊर्जा दुसरीत शिरते. आघात होताच काही शे हर्ट्‌झची कंपने प्रबळ असतात आणि सेकंदाच्या अल्पांशातच हजारो हर्ट्‌झची कंपने जागी होतात. झांजेचा ‘सळसळाट’ तो हाच. चायनाचा पत्रा पातळ आणि कड दुमडलेली असल्यामुळे हा कल्लोळ फार लवकर माजतो आणि लवकर ओसरतो. तिचा आवाज फुटक्या पत्र्यासारखा वाटतो. ठेक्यावर क्षणभर ठसठशीत खूण करायला तेच हवे असते. सतत ताल धरण्यासाठी मात्र ती माझ्या मते गैरसोयीची.

निवड करताना आकाराकडे आधी पाहावे. सपाट तबकडीच्या बाबतीत कंप्रता ही जाडीच्या सम प्रमाणात आणि व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. जाडी तीच ठेवून १८ इंचांऐवजी १६ इंचांची तबकडी घेतली, तर कंप्रता (१८ ÷ १६)² म्हणजे सुमारे १.२७ पट होतात. झांज वक्र असल्याने हे गणित तिला तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा बरोबर दाखवते. लहान व जाड झांज तीक्ष्ण वाजते. मोठी व पातळ झांज खर्जाकडे झुकते. धातूचेही महत्त्व आहे. चांगल्या झांजा काशाच्या असतात: सुमारे ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथील. तळपायाला तूप चोळण्याची काशाची वाटी वाजवून पाहा, मग हा धातू इतका वेळ का गुणगुणतो याची कल्पना येईल. स्वस्त झांजा पितळेच्या असतात आणि त्यांचा नाद कोता वाटतो.

आता बसवण्याविषयी. चायना इतर झांजांसारखी उपडी बसवली, तर वळलेली कड वर येते आणि काडी थेट तिच्या धारेवर आदळते. लाकूड चिरते, पत्र्याच्या धारेलाही इजा होते. तीच उताणी केली, की धार खाली जाते आणि काडीला दुमडीचा गोलसर भाग लागतो. उलटेपणाचे रहस्य एवढेच! तरीही काडी अगदी समोरून न आदळता किंचित तिरकी, घसरती लागावी, म्हणून झांज वादकाकडे थोडी कलती ठेवतात.

वरचा स्क्रू घट्ट पिळणे हा सर्रास आढळणारा दोष. मध्यबिंदू निस्पंद आहे, मग घट्ट केल्याने काय बिघडते, असे तुम्ही विचाराल. नादाचे फारसे बिघडत नाही. पण आघातानंतर संपूर्ण झांजेने डोलले पाहिजे. डोलता आले नाही, तर आघाताचा सगळा ताण भोकाजवळच्या आणि कडेच्या धातूवर पडतो आणि कालांतराने तेथे तडा जातो. म्हणून खाली-वर नमद्याच्या चकत्या आणि दांड्यावर प्लॅस्टिकची नळी असावी. जुनी झांज विकत घेताना कडेवरून सावकाश नख फिरवावे आणि दुमडीची रेघ उजेडात धरून पाहावी. तडा सापडलाच, तर कारागीर त्याच्या टोकाशी बारीक भोक पाडतात. टोकाशी एकवटलेला ताण भोकाच्या गोलाईवर विभागला जातो आणि तडा सहसा पुढे सरकत नाही.

राहिला वादकाचा कान. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच बाब, आणि हिच्याकडेच दुर्लक्ष होते. कंप पावणारी तबकडी तिच्या पृष्ठाला लंब दिशेने सर्वांत जास्त ध्वनी फेकते. कडेच्या दिशेने पुढच्या व मागच्या बाजूंच्या लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात. म्हणून चायना इतकी कलती करू नये, की तिचे तोंड सरळ वादकाच्या तोंडाकडे होईल. अंतराचाही विचार करावा. कानापासून ४० सेंटिमीटरवर असलेली झांज ८० सेंटिमीटरवर नेली, तर थेट येणाऱ्या ध्वनीची तीव्रता चौथाई होते, म्हणजेच पातळी ६ डेसिबेलने उतरते. हात आणि काडी मिळून एवढे अंतर सहज गाठता येते.

६ डेसिबेल ऐकायला थोडे वाटतात. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने कामाच्या जागी ८५ डेसिबेल ध्वनीत रोज जास्तीत जास्त ८ तास राहावे, असे सुचवले आहे. पातळी ३ डेसिबेलने वाढली, की ही मुदत निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. असे करत १०० डेसिबेलला जेमतेम १५ मिनिटे उरतात! जोरात वाजणाऱ्या झांजेजवळ १०० डेसिबेल ओलांडणे मुळीच अवघड नाही. ६ डेसिबेल वाचले, तर त्या १५ मिनिटांचा एक तास होतो. मिरवणूक मात्र अनेक तास चालते. त्यातून गिरगावातल्या अरुंद रस्त्यांवर दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून ध्वनी परावर्तित होतो, त्यामुळे अंतराबरोबर तो मोकळ्या मैदानाइतका कमी होत नाही.

आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसल पेशी असतात. त्या नष्ट झाल्या, तर माणसात पुन्हा तयार होत नाहीत. पहिल्यांदा बहुधा ३ ते ६ हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यातील श्रवण उणावते. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजने ओळखायला याच भागातील उच्च कंप्रतांची मोठी मदत होते, म्हणून असा माणूस ‘ऐकू येते, पण समजत नाही’ अशी तक्रार करतो. वाजवणे संपल्यावर कानात शीळ घुमत राहिली, तर पेशींवर ताण पडल्याची ती खूण समजावी. कापसाच्या बोळ्याने फारसा अडसर होत नाही. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बूच बोटांनी पिळून बारीक करावे, कानाची पाळी वर ओढून आत सारावे आणि ते फुगेपर्यंत बोटाने दाबून धरावे. नीट बसले, तर पातळी साधारण १५ ते २० डेसिबेलने खाली येते आणि ठेका तरीही स्पष्ट ऐकू येतो.