एका विषयात गेलीस म्हणून

अगं, बारावीला इंग्रजी राहिलं म्हणून शिक्षणच सोडते म्हणतेस, तर आधी माझं ऐक. लहान वर्गात असताना चार दिवस गेली नाहीस की गुरुजी घरी चौकशीला यायचे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा मात्र 6 ते 14 वयापुरता. पुढे तू आलीस काय, न आलीस काय, कुणी विचारत नाही. म्हणून बहुतेक मुली ठरवून शिक्षण सोडतच नाहीत, ते हळूहळू सुटत जातं. आधी एस.टी. चुकते, मग आईचं दुखणं निघतं, मग पाहुणे बघायला येतात.

शेजारच्या देशांतही हेच. नेपाळमध्ये दहावीच्या परीक्षेला लोक लोखंडी दार म्हणायचे, इतकी मुलं तिथेच अडायची. बांगलादेशाने 1994 पासून देशभर ग्रामीण भागातल्या माध्यमिकच्या मुलींना थोडे पैसे द्यायला घेतले. अटी तीन: 75 टक्के हजेरी, 45 टक्के गुण आणि लग्न झालेलं नसावं. ही तिसरी अट मला फार मोलाची वाटते. स्थळ घेऊन आलेल्याला 'आत्ता नको' म्हणायला बापाला कारण मिळालं. शाळेतल्या मुलींची संख्या मुलांच्या पुढे गेली. तरीही तिथे निम्म्याच्या आसपास मुलींची लग्नं अजून अठराच्या आत होतात, हेही खरंच. पैशाने सगळं सुटत नाही.

पण काकांच्या हातात तूही असं एक कारण दे. त्यांना सांग, महाराष्ट्रात 2024 पासून 8 लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. नर्सिंगला जायचंय ना तुला? त्याला बारावीची गुणपत्रिका लागतेच.

आणि पुरवणी परीक्षेला फक्त इंग्रजीच द्यायचंय, पास झालेले विषय पुन्हा नाहीत. अकरावीतूनच घरी बसलेल्या तुझ्या मैत्रिणीलाही सांग, 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसता येतं. स्वयंपाकघर सांभाळूनही होतं ते.

रविवारी माझ्याकडे ये, पत्रलेखन आणि उताऱ्यावरचे प्रश्न बसवून घेऊ. लग्नाचा विषय निघालाच तर आजीला मध्ये घाल, काका तिच्यापुढे बोलत नाहीत. आणि फॉर्मची शेवटची तारीख उद्याच कॉलेजच्या क्लार्ककडून विचारून घे, मैत्रिणीच्या भरवशावर राहू नकोस.