घाटातील बारी : लोकांचा खेळ, लोकांची जबाबदारी

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस असलेले जुन्नर व आंबेगाव हे तालुके कुकडी आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेले आहेत. पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा व भातखाचरे आणि पूर्वेस धरणांच्या पाण्यावर डोलणारी ऊस, कांदा व भाजीपाल्याची शेती, अशी या मुलखाची रचना आहे. शेतीची कामे थोडी सैलावली, की येथे यात्रांना प्रारंभ होतो. आंबेगाव तालुक्यातील नागापूर येथील थापलिंग गडावर पौष पौर्णिमेस खंडोबाची यात्रा भरते. धामणीच्या खंडोबाची यात्रा माघ पौर्णिमेस असते. पुढे चैत्र-वैशाखात गावोगावच्या ग्रामदैवतांचे उत्सव सुरू होतात. पालखी, भंडारा, तमाशा व कुस्त्यांचा आखाडा यांच्या जोडीने या यात्रांचे एक प्रमुख आकर्षण म्हणजे बैलगाड्यांची शर्यत होय.

ही शर्यत कोणा एका संस्थेने निर्माण केलेली नाही. तिचा कोणी मालक नाही आणि ती पाहण्यास पैसे पडत नाहीत. तिचे नियम खेळणाऱ्यांनी व पाहणाऱ्यांनीच पिढ्यान् पिढ्या घडविले, मोडले व पुन्हा बांधले. म्हणूनच लोकांनी चालविलेला खेळ कशामुळे टिकतो आणि कशामुळे धोक्यात येतो, हे समजून घेण्यास ती एक उत्तम उदाहरण ठरते. शर्यतीस कायद्याची सशर्त मान्यता मिळाली असल्याने ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांनी हा विषय बारकाईने पाहणे अगत्याचे आहे.

घाट आणि बारी

जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ व शिरूर या भागांतील शर्यत राज्याच्या इतर भागांतील शर्यतींहून वेगळी आहे. अन्यत्र बहुधा दोन किंवा अधिक गाड्या एकाच वेळी सपाट मैदानावर धावतात व जी पुढे येईल ती जिंकते. उत्तर पुण्यात मात्र एका वेळी एकच गाडा धावतो. त्याची स्पर्धा दुसऱ्या गाड्याशी नसून घड्याळाशी असते. धावपट्टी चढणीची असते. तिलाच ‘घाट’ म्हणतात. खालच्या टोकाला गाडा जुंपला जातो व बैल चढ चढून वरच्या निशाणापर्यंत धावतात. हलक्या लाकडी गाड्याला दोन जोड्या, म्हणजे चार बैल जुंपतात. त्यांच्यापुढे स्वारासह घोडी धावते व तिच्या मागे बैल झेपावतात. घाट चढताना गाड्यावर हाकणारा नसतो. गाड्याच्या अशा एका धावेस ‘बारी’ म्हणतात.

घाटाची ही रचना विचारपूर्वक झालेली दिसते. चढणीमुळे बैलांचा वेग शेवटी आपोआप कमी होतो व निशाणापलीकडे त्यांना आवरणे सोपे जाते. दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर बसलेल्या हजारो लोकांना संपूर्ण धावपट्टी वरून एका दृष्टिक्षेपात दिसते. एका वेळी एकच गाडा सुटत असल्याने दोन गाड्यांची टक्कर होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. ज्यांनी हा घाट प्रथम आखला त्यांनी कोणतेही शास्त्र शिकलेले नसेल. परंतु अनुभवाने आलेले शहाणपण त्यांच्यापाशी होते.

सेकंदांचा हिशेब

ठरावीक सेकंदांत घाट पार करणारे सर्व गाडे पहिल्या क्रमांकात, त्याहून थोडा अधिक वेळ घेणारे दुसऱ्या क्रमांकात, अशी वर्गवारी येथे केली जाते. एका क्रमांकात आलेल्या गाड्यांमध्ये त्या क्रमांकाच्या बक्षिसाची वाटणी होते. सर्वांत कमी वेळात आलेल्या गाड्यास ‘घाटाचा राजा’ हा मान मिळतो. पहिल्या क्रमांकाच्या वेळेत सर्वप्रथम येणारा गाडा ‘फळीफोड’ ठरतो. गाडा निशाणाजवळ येताच निवेदकाच्या तोंडून निघणारी ‘भिर्रर्र’ ही आरोळी या भागातील लहान मुलांनाही पाठ असते.

बक्षीस वाटून घेण्याच्या या पद्धतीत ग्रामीण समाजाचे एक मूल्य दडलेले आहे. एकट्याने सर्व जिंकावे व बाकीच्यांनी रिकाम्या हाताने परतावे, असा हा खेळ नाही. चांगला धावलेला प्रत्येक गाडा मानाचा धनी होतो.

वेळेच्या मोजणीचा प्रश्न मात्र नाजूक आहे. समजा, घाटाची लांबी १२० मीटर आहे व गाड्याने तो १२ सेकंदांत पार केला, तर त्याचा वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजेच ताशी ३६ किलोमीटर होतो. हाताने घड्याळ दाबणाऱ्या माणसाच्या डोळ्यांस निशाण दिसणे व त्याच्या बोटाने कळ दाबणे यांत सुमारे एक-पंचमांश सेकंद सहज जातो. तेवढ्या अवधीत गाडा २ मीटर पुढे गेलेला असतो. क्रमांक ठरण्यास व वाद पेटण्यास एवढे अंतर पुरेसे आहे. या कारणाने अनेक घाटांत प्रकाशकिरण तुटताच वेळ नोंदविणारी विद्युत घड्याळे आली. ही सुधारणा कोणत्याही सरकारी आदेशाने झाली नाही. वाद टाळण्याची गरज गाडामालकांना व यात्रा समित्यांना जाणवली आणि त्यांनी ती स्वीकारली. शिक्षकांनी हाच हिशेब वर्गात मांडल्यास वेग, काळ व अंतर यांचा धडा मुलांना आपल्या घाटातच सापडेल.

पडद्यावरील शर्यत

लोकांनी खेळ घडविण्याची ही रीत केवळ खेड्यापुरती मर्यादित नाही. आधुनिक जगातील एक उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. फिनलंड देशातील हान्नू राबिना व युक्का राबिना यांनी ‘जेनरॅली’ नावाचा मोटारशर्यतीचा संगणकीय खेळ तयार केला व २००२ साली तो विनामूल्य उपलब्ध करून दिला. घाटाच्या कडेवर बसलेल्या प्रेक्षकाला जशी सारी धावपट्टी वरून दिसते, तशीच या खेळात पडद्यावर सारी धावपट्टी वरून दिसते व छोट्या मोटारी तीवर धावतात. खेळासोबत धावपट्टी आखण्याचे साधनही देण्यात आले होते. त्यामुळे देशोदेशींच्या खेळाडूंनी स्वतःच्या धावपट्ट्या व मोटारी तयार केल्या, एकमेकांना दिल्या, त्यांतील दोष दाखविले व ते सुधारले. निर्मात्यांनी लावलेले रोप खेळणाऱ्यांनी वाढविले, असेच म्हणावे लागेल.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. विनामूल्य दिलेली प्रत्येक वस्तू सर्वांच्या मालकीची होत नाही. मूळ आज्ञावली निर्मात्यांच्या हाती असू शकते आणि वापराची मोकळीक मात्र सर्वांना असते. घाटाचेही तसेच आहे. पाहण्यास कोणाला मज्जाव नाही; परंतु घाट कोणत्या नियमाने चालेल हे गावाने व कायद्याने ठरवावयाचे असते.

याहूनही महत्त्वाचा भेद पुढेच आहे. संगणकावर आखलेली धावपट्टी सदोष निघाली तर ती पुसून नवी आखता येते. मोटार उलटली तर पुन्हा आरंभरेषेवर आणता येते. कोणाच्या अंगाला ओरखडाही उमटत नाही. घाटात तसे नाही. तेथे घसरलेला बैल पाय मोडून पडू शकतो आणि धावपट्टीत शिरलेला मुलगा गाड्याखाली येऊ शकतो. शिवाय संगणकीय खेळाचे नियम खेळणारेच ठरवितात. घाटात सर्वांत अधिक कष्ट करणाऱ्या बैलाला मात्र नियम ठरविण्याच्या बैठकीत तोंड नसते. या मुक्या भागीदाराच्या वतीने कोणी बोलावयाचे, हाच या विषयातील खरा प्रश्न आहे.

बंदी व परवानगी

हा प्रश्न गावाने पुरेशा गांभीर्याने न घेतल्यास काय घडते, याचा अनुभव या तालुक्यांनी घेतला आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० सालचा आहे. त्याखाली केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने ११ जुलै २०११ रोजी अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी दिलेल्या निकालाने तामिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबरच महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींनाही मनाई झाली. शेपटी पिरगाळणे, टोचणे, मारणे यांसारख्या प्रकारांचा प्रश्न या न्यायालयीन वादाच्या केंद्रस्थानी होता.

त्यानंतर महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली मूळ अधिनियमात राज्यापुरती सुधारणा केली व तीस राष्ट्रपतींची संमती मिळाली. तथापि, मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुधारित कायदा व नियम यांच्या अधीन राहून शर्यती भरविण्यास अंतरिम मुभा दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या राज्यांच्या सुधारणा वैध ठरविल्या.

मधल्या साडेसात वर्षांत अनेक घाट सुने पडले. शर्यतीसाठी बैल सांभाळणाऱ्या शेतकऱ्यापुढे दुहेरी पेच उभा राहिला. नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागल्याने शेतात बैलाचे काम कमी झाले होते आणि घाटही बंद होता. माणदेशातून व सोलापूर, सांगली, सातारा या भागांतून आलेल्या चपळ खिलार जातीच्या खोंडाला पूर्वी जो मान व जी किंमत मिळे, ती मिळेनाशी झाली. देशातील २०१९ च्या पशुगणनेत देशी व अवर्गीकृत गोवंशाची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे ६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. या घटीचे कारण केवळ शर्यतबंदी आहे असे म्हणता येणार नाही. परंतु बैल पाळण्यास शेतकऱ्याला काही निमित्त उरले नाही, तर देशी जाती टिकविणे कठीण होईल, हे उघड आहे.

मिळालेली परवानगी सशर्त आहे. शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. धावपट्टी १,००० मीटरपेक्षा अधिक लांब असता कामा नये. बैलांची पशुवैद्यकीय तपासणी आवश्यक आहे. काठी, चाबूक, टोचणी, विजेचा धक्का देणारे साधन किंवा उत्तेजक द्रव्य यांच्या वापरास मनाई आहे. कायद्याचा भंग केल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा तीन वर्षांपर्यंत कारावास अशी तरतूद आहे.

गावाने काय करावे

नियम कागदावर असले तरी ते पाळले जातात की नाही, हे घाटातच ठरते. एक तहसीलदार, एक पशुधन विकास अधिकारी व मोजके पोलीस यांना शेकडो गाडे व हजारो प्रेक्षक यांच्यावर नजर ठेवणे शक्य नाही. ते काम गावालाच करावे लागेल. त्या दृष्टीने पुढील गोष्टी विचारात घेण्याजोग्या आहेत.

यात्रेपूर्वीच्या ग्रामसभेत शर्यतीचे नियम मोठ्याने वाचून दाखवावेत आणि ते घाटाच्या तोंडाशी ठळक अक्षरांत फलकावर लावावेत. धावपट्टीवरील दगड वेचून माती सारखी करावी. निशाणापलीकडे बैल थांबण्यास पुरेशी मोकळी जागा ठेवावी. दोन्ही बाजूंस भक्कम कठडा बांधून लहान मुलांना त्यामागेच बसवावे. जनावरांसाठी सावली व पिण्याचे पाणी यांची सोय जुंपण्याच्या जागेजवळच असावी आणि भर दुपारच्या बाऱ्या टाळाव्यात. पशुवैद्यकाने नाकारलेला बैल कितीही नामवंत मालकाचा असला, तरी त्यास घाटात उतरू देऊ नये. ज्याच्या हाती काठी अथवा टोचणी दिसेल त्याचा गाडा तत्काळ बाद करावा आणि तसे निवेदकाने सर्वांसमक्ष जाहीर करावे.

यांतील शेवटची सूचना सर्वांत परिणामकारक ठरेल. दंडाची भीती दूरची असते. परंतु भरल्या घाटात आपल्या गाड्याचे नाव बाद झाल्याचे ऐकणे कोणत्याही गाडामालकास रुचणार नाही. ज्या लोकमताने ‘घाटाचा राजा’ निर्माण केला, तेच लोकमत क्रूरतेला आळा घालू शकते.

जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याने पोटच्या पोराप्रमाणे बैल सांभाळल्याची उदाहरणे घरोघरी आहेत. बेंदूर-पोळ्याला त्याच्या शिंगांना रंग लावून पुरणपोळीचा घास भरविणारा हाच समाज आहे. त्या मायेला घाटातील शिस्तीची जोड मिळाली, तर शर्यत हा केवळ करमणुकीचा प्रकार न राहता देशी पशुधन जपण्याचे एक साधन ठरू शकेल. वेळ मोजण्यातील चूक गावांनी स्वतः ओळखली व सुधारली. बैलाला होणारा त्रासही त्यांनी तितक्याच तत्परतेने ओळखून थांबविला पाहिजे. लोकांनी घडविलेला खेळ लोकांच्याच हाती राहावयाचा असेल, तर त्याचे नियम राखण्याचे कामही त्यांनीच उचलावयास हवे.