लहान देशाचा प्रतिनिधी

प्रस्तावना

विस्तीर्ण भूमी, मोठे सैन्य आणि भरलेली तिजोरी यांवरून देशाचे सामर्थ्य ठरते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ज्या देशाजवळ यांपैकी काहीच नाही, त्याने आपला हक्क कसा मागावा? मॉरिशसचे मुत्सद्दी जगदीश कुंजुल यांच्या कारकिर्दीच्या आधारे या प्रश्नाचे उत्तर आपण या पाठात शोधणार आहोत.

पाठ

११ सप्टेंबर २०२५ रोजी वाराणसी येथे भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि मॉरिशसचे पंतप्रधान नवीनचंद्र रामगुलाम यांची अधिकृत भेट झाली. अशा भेटी बहुधा राजधानीत होतात. येथे मात्र गंगाकाठच्या नगरीची निवड झाली. या निवडीला इतिहासाचा आधार आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून निघालेले ३६ करारबद्ध मजूर मॉरिशसच्या किनाऱ्यावर उतरले. त्यानंतरच्या काळात बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातून असंख्य कुटुंबे उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी तेथे गेली. कोकणातील मराठी माणसेही त्यांत होती. त्यांच्या वंशजांनी आपली भाषा आणि सणवार आजवर जपले आहेत.

वाराणसीच्या भेटीत भारताने मॉरिशससाठी विशेष आर्थिक साहाय्य जाहीर केले. चागोस बेटांभोवतीच्या सागरी क्षेत्राचा विकास आणि देखरेख यांचाही त्यात समावेश होता. ही बेटे मॉरिशसपासून सुमारे दोन हजार किलोमीटर दूर आहेत. मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला. परंतु त्यापूर्वीच, १९६५ साली, ब्रिटनने चागोस बेटे त्याच्यापासून तोडून स्वतःकडे ठेवली. दिएगो गार्सिया या बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ उभा राहिला. तेथील रहिवाशांना १९७३ पर्यंत आपली घरे सोडणे भाग पाडण्यात आले.

या अन्यायाविरुद्ध मॉरिशसजवळ दोनच साधने होती : कायदा आणि मत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९३ सदस्य आहेत आणि लहानमोठ्या प्रत्येक देशाला एकच मत असते. तेथे मॉरिशसचे स्थायी प्रतिनिधी म्हणून कुंजुल यांनी दोन वेगवेगळ्या कालखंडांत काम केले. पहिल्या कालखंडात, २००१-०२ मध्ये, मॉरिशस सुरक्षा परिषदेचा अस्थायी सदस्य होता. जानेवारी २००२ मध्ये परिषदेचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले, तेव्हा कुंजुल यांनी सभा चालवल्या. पुढे लहान बेटांच्या देशांच्या संघटनेचेही ते अध्यक्ष झाले. वाढत्या समुद्रपातळीने ज्यांचे अस्तित्वच धोक्यात आले आहे, अशा देशांची बाजू ही संघटना मांडते.

त्यांच्या दुसऱ्या कालखंडात चागोसचा प्रश्न निर्णायक वळणावर आला. या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत घ्यावे, असा ठराव आमसभेने २२ जून २०१७ रोजी ९४ विरुद्ध १५ मतांनी संमत केला. आफ्रिकी देशांचा गट मॉरिशसच्या पाठीशी उभा राहिला. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने १३ विरुद्ध १ अशा बहुमताने चागोसचे विभाजन बेकायदेशीर ठरवले. हे मत सल्लागार स्वरूपाचे होते. ते अंमलात आणण्यास ब्रिटन बांधील नव्हता. त्यामुळे प्रश्न पुन्हा आमसभेत आला. २२ मे २०१९ रोजी ११६ देशांनी ब्रिटनच्या माघारीची मागणी करणाऱ्या ठरावाला पाठिंबा दिला. विरोधात केवळ ६ मते पडली. पाठिंबा देणाऱ्यांत भारतही होता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉरिशसने चागोसला एक सर्वेक्षण जहाज पाठवले. त्यावर चागोसचे काही मूळ रहिवासीही होते. त्या वेळी कुंजुल यांनी पेरोस बान्योस बेटावर मॉरिशसचा ध्वज उभारला. आयुष्यभर सभागृहांत आपल्या देशाची बाजू मांडणारा हा मुत्सद्दी अखेर त्या भूमीवर उभा होता.

२२ मे २०२५ रोजी ब्रिटन व मॉरिशस यांनी करारावर स्वाक्षऱ्या केल्या. त्यानुसार चागोसचे सार्वभौमत्व मॉरिशसला मिळावयाचे असून दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांसाठी ब्रिटनच्या ताब्यात राहावयाचा आहे. परंतु स्वाक्षरीनंतरही मान्यतेचे टप्पे उरतात आणि या करारावरून वादही झाले. आपल्याला न विचारता आपल्या भूमीचा निर्णय झाला, अशी अनेक विस्थापितांची तक्रार आहे. देशाला हक्क मिळाला, तरी घर गमावलेल्या माणसाला न्याय मिळतोच असे नाही, हे या प्रकरणातून ध्यानात येते. मुत्सद्द्याच्या यशाचे मोल ठरवताना ही बाजूही विचारात घ्यावी लागते.

स्वाध्याय

१. मॉरिशस आणि वाराणसीचा परिसर यांचा ऐतिहासिक संबंध स्पष्ट करा.
२. ‘प्रत्येक देशाला एकच मत’ या नियमाचा मॉरिशसला कसा उपयोग झाला?
३. चागोसच्या विस्थापितांची तक्रार तुम्हांला योग्य वाटते काय? सकारण लिहा.