आठवणींची नोंदवही : दारू सोडल्यानंतरच्या विस्मरणाविषयी थोडेसे

दारूमुळे संसाराची धूळधाण कशी होते, यावर आपल्याकडे भाषणे होतात, पथनाट्ये होतात, गाणी गायिली जातात. एखाद्याने दारू सोडली की टाळ्या वाजतात आणि विषय तिथेच संपतो. पण ज्या घरात दारू खरोखर सुटली आहे, त्या घराला विचारून पाहा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तिथे एक वेगळीच अडचण उभी राहते. माणूस पीत नाही, पण त्याच्या काही लक्षात राहत नाही. सकाळी सांगितलेले दुपारी विसरतो. एकच प्रश्न तीनदा विचारतो. मुलीची फी भरायला निघतो आणि चौकात येऊन, आपण कशासाठी निघालो होतो, हे आठवत उभा राहतो. बायको म्हणते, "परत सुरू केली वाटतं." मुलगा म्हणतो, "पप्पा खोटं बोलतात." आणि तो स्वतः मनात म्हणतो, "डोकंच गेलंय, आता न पिऊन तरी काय उपयोग?"

हा शेवटचा विचार सर्वांत घातक. सुटलेली दारू याच विचाराच्या दाराने पुन्हा घरात येते. म्हणून या विस्मरणाची नीट ओळख करून घेणे आवश्यक आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. बँकेत नोंदी ठेवणारे कारकून आहोत. पण नोंद नसली की व्यवहाराचे काय होते, हे आम्ही रोज पाहतो. त्याच अनुभवाच्या आधाराने हा विषय येथे मांडत आहोत.

विस्मरणाचे तीन प्रकार

पहिला प्रकार म्हणजे ब्लॅकआऊट. आपल्या मेंदूत, कानांच्या पातळीवर आत खोल, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. घडलेल्या गोष्टीची आठवण तयार करण्याचे काम मुख्यतः तो करतो. उपाशीपोटी भराभर प्यायल्याने रक्तातील दारूचे प्रमाण एकदम वाढले, की हा भाग काम थांबवतो. माणूस बेशुद्ध नसतो. तो चालतो, बोलतो, भांडतो, घरीही येतो. पण त्या वेळेची नोंद मेंदूत होतच नाही. जेलिनेक या अमेरिकेतील संशोधकाने १९४६ साली दारूतून बाहेर पडलेल्या लोकांच्या उत्तरांवरून व्यसनाच्या पायऱ्या मांडल्या, तेव्हा या ब्लॅकआऊटची दखल घेतली होती. बँकेच्या भाषेत सांगायचे तर रक्कम काउंटरवरून गेली, पण खातेवहीत नोंद चढलीच नाही. जी नोंद झालीच नाही, ती नंतर कितीही पाने उलटली तरी सापडणार नाही.

दुसरा प्रकार दारू सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांतला. वर्षानुवर्षे दारूने मेंदूला दाबून ठेवलेले असते आणि मेंदूही त्या दाबाची सवय करून घेतो. दाब एकाएकी निघाला की तो उसळतो. झोप लागत नाही, हात कापतात, जीव घाबरतो, लक्ष एका जागी टिकत नाही. जिथे लक्षच नाही, तिथे लक्षात राहणार काय? नवीन गोष्ट शिकणे आणि ठरवलेले काम ठरल्या वेळी आठवणे, या दोन गोष्टी विशेष अडखळतात. हा प्रकार बहुतेकांच्या बाबतीत सुधारतो. पहिल्या काही आठवड्यांत फरक दिसू लागतो आणि पुढे कित्येक महिने, कधी वर्षभराहूनही अधिक काळ, सुधारणा चालू राहते. दारू बंद झाल्यावर आकसलेला मेंदू काही अंशी भरून येतो, हे मेंदूच्या छायाचित्रांतूनही दिसून आले आहे. अट एकच. मध्ये पुन्हा प्यायची नाही.

तिसरा प्रकार गंभीर आहे. १८८१ साली जर्मनीतील कार्ल वेर्निके यांनी आणि १८८७ साली रशियातील सर्गेई कोर्साकोव्ह यांनी त्याची दोन रूपे वर्णिली. पुढे दोहोंचे मूळ एकच निघाले : ब-१, म्हणजे थायमिन या जीवनसत्त्वाचा अभाव. शरीरातील थायमिनचा साठा जेमतेम काही आठवडे पुरतो. पिणारा माणूस धड जेवत नाही, आणि जे खातो त्यातले थायमिन दारू आतड्यांना नीट शोषू देत नाही. कोर्साकोव्ह यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारात जुन्या आठवणी बऱ्याच शाबूत राहतात, पण नवीन काही टिकत नाही. मग रोगी रिकाम्या जागा आपोआप भरून काढतो. "काल मी नाशिकला जाऊन आलो," असे बिनदिक्कत सांगतो, प्रत्यक्षात तो खाटेवरून उठलेलाही नसतो. हा खोटारडेपणा नव्हे. त्याला ते खरेच वाटत असते.

हे घरी निभावू नये

रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी दारू तोडणे धोक्याचे असते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन नसलेली माणसे दिसू लागतात. यात जीवही जातो. म्हणून सोडण्याआधीच डॉक्टरांना दाखवावे.

चालताना तोल जाणे, डोळे विचित्र हलणे किंवा एकाचे दोन दिसणे, आणि बोलण्यात गोंधळ होणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तिन्ही दिसण्याची वाट पाहू नये. वेळेवर थायमिनची इंजेक्शने मिळाली तर पुढचे मोठे नुकसान टळू शकते.

आणखी एक गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. अशक्तपणा आला की आपल्याकडे लगेच "एक सलाईन लावा" असा आग्रह होतो. त्या बाटलीत बहुधा ग्लुकोज असते. थायमिनची कमतरता असताना नुसते ग्लुकोज दिले, तर उरलेसुरले थायमिनही खर्च होऊन आजार बळावू शकतो. म्हणून "हे रोज दारू घेत होते" ही माहिती डॉक्टरांना आधी सांगावी. अब्रू जाईल म्हणून ती लपवणे म्हणजे माणूसच धोक्यात घालणे होय.

विसरण्याची इतर कारणेही असतात : पडून डोक्याला लागलेला मार, यकृताचा आजार, झोपेच्या गोळ्या, थायरॉईड, ब-१२ ची कमतरता, मनाचे औदासीन्य. त्यांची तपासणी करून घ्यावी. सगळेच दारूच्या नावावर टाकू नये.

वहीचा उपाय

स्मरणशक्ती दुरुस्त होईपर्यंत ती कागदावर ठेवावी. बँकेत कितीही हुशार कारकून असला तरी तो डोक्यावर विसंबत नाही; नोंद करतो. त्यात कमीपणा नाही. पुढील गोष्टी साध्या आहेत, पण रोज केल्या तर उपयोगी पडतात.

१. खिशात मावेल अशी एकच वही ठेवावी. चार चिठ्ठ्या केल्या तर चारही हरवतात. काम ठरले की त्याच क्षणी लिहावे. "नंतर लिहितो" म्हटलेले लिहिले जात नाही.

२. सकाळी वही उघडून दिवसाची पाच कामे वाचावीत, रात्री झालेल्या कामांवर खूण करावी. उरलेले काम उद्याच्या पानावर उतरवावे.

३. किल्ली, चष्मा, पाकीट, मोबाईल यांची जागा ठरलेली असावी. घरातल्या कोणीही ती बदलू नये.

४. गोळी घेतली की भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर खूण करावी. एकच गोळी दोनदा घेणे हे न घेण्याइतकेच वाईट.

५. एका वेळी एकच काम करावे. कोणी काही सांगितले तर ते मोठ्याने परत म्हणून दाखवावे. मोबाईलचा गजर वापरावा; पण गजर कशाचा, हेही त्यात लिहावे.

६. पहिले काही महिने कोणालाही जामीन राहू नये. कर्जाच्या, घराच्या, शेतीच्या कागदावर घाईने सही करू नये. सही करावीच लागली तर विश्वासू माणसासमोर कागद वाचून, वहीत तारीख घालून करावी. हात कापत असल्याने सही जुळत नाही, म्हणून स्लिप परत येते आणि माणूस काउंटरवर ओशाळतो, हे आम्ही पाहिलेले आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. शाखेत नव्या सहीचा नमुना देता येतो. पासबुक वेळोवेळी भरून घ्यावे, म्हणजे पैसे काढले की नाही हा वाद घरात होत नाही.

आहाराचेही महत्त्व आहे. डाळी, मोड आलेली कडधान्ये, बाजरी, शेंगदाणे, तीळ, हातसडीचा तांदूळ यांत ब-१ मिळते. तांदूळ पुनःपुन्हा धुऊन आणि पेज ओतून टाकून ते वाया घालवू नये. मात्र आहार हा औषधाला पर्याय नव्हे; गोळ्या किती दिवस घ्यायच्या हे डॉक्टरांनीच सांगावे. झोपेची वेळ ठरलेली ठेवावी, कारण दिवसभराच्या आठवणी पक्क्या होण्याचे बरेचसे काम झोपेत होते.

घरच्यांसाठी

घरच्यांनी आठवण करून द्यावी, परीक्षा घेऊ नये. "काल काय सांगितलं होतं, सांग बघू" असे विचारण्याने माणूस खजील होतो आणि उत्तर रचून सांगतो. त्याऐवजी "काल गॅसचं ठरलं होतं, वहीत आहे" म्हणावे. संशय आला तर संशयावर भांडू नये, वही पाहावी. वही दोघांचीही साक्षीदार असते. बायकोने सगळा भार एकटीने वाहू नये. समुपदेशकाकडे तिनेही जावे. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या संस्थांनी कुटुंबालाही उपचारात सामावून घेतले आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची हेल्पलाईन १४४४६ आहे, आणि २०२२ साली सुरू झालेली मानसिक आरोग्याची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आपल्याकडेही भरतात. तिथे शुल्क नसते आणि नावही विचारत नाहीत.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगणे : वडील विसरले म्हणजे त्यांचे तुमच्यावर प्रेम नाही, असा अर्थ काढू नका. निकालाची तारीख त्यांच्या वहीत तुम्ही स्वतः लिहा. आणि पार्टीत "काल काहीच आठवत नाही" असे फुशारकीने सांगणाऱ्या मित्राला समजवा, की ती फुशारकी नसून मेंदूने काम थांबवल्याची खूण आहे.

जे परत येत नाही

आता एक कठीण गोष्ट. ब्लॅकआऊटमधल्या रात्री परत येणार नाहीत. त्या रात्री कोणाला शिवी दिली, कोणावर हात उचलला, हे पिणाऱ्याला कधीच आठवणार नाही. पण ज्याने सोसले त्याला ते विसरता येत नाही. अशा वेळी "मला आठवत नाही" हे खरे असले तरी ते उत्तर पुरेसे नाही. "मला आठवत नाही, पण तू सांगतेस ते मी मान्य करतो," असे म्हणता आले पाहिजे. नोंद आपल्याकडे नसली तरी देणे समोरच्याच्या वहीत असते, आणि ते फेडायचे असते.

पंचशीलातील पाचवे शील मद्याला प्रमादाचे स्थान म्हणते. प्रमाद म्हणजे गाफीलपणा. त्याच्या उलट शब्द अप्रमाद, आणि अप्रमादाचा आधार 'सति'. पालीतील हा सति शब्द म्हणजेच आपली स्मृती. आठवण आणि जागरूकता हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती प्रतिज्ञा आपण एका दिवशी उभे राहून घेतो. पाळायची मात्र रोज असते, आणि ज्याची स्मृती दुबळी झाली आहे त्याला ती रोज आठवावी लागते. म्हणून आमची सूचना अशी, की वहीच्या प्रत्येक दिवसाच्या पानावर पहिली ओळ हीच असावी : आज पिणार नाही. त्याखाली गॅस, फी, गोळ्या, जे असेल ते. रात्री सर्व कामांवर खूण झाली नाही तरी चालेल. पहिल्या ओळीवर झाली, तर तो दिवस जमेस धरावा.